शास्त्र आणि संसार : हाड कीं मेद?

डहाणू तालुक्यांतील घोलवडहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घर मोठें, चिकूची वाडी, सासूबाई सत्तरीच्या पुढच्या व अंगानें स्थूल. गेल्या पावसाळ्यांत न्हाणीच्या उंबऱ्यावर त्यांचा पाय निसटला आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, त्या आतां काठी घेऊन चालतात. परंतु आंतील चित्र काढून पाहिल्यावर डॉक्टरांनीं जें सांगितलें त्यामुळें घरांत निराळेंच वादळ उठलें आहे. हाड विरळ झालें असून आंत चरबी भरली आहे, असें ते म्हणाले. वडील मंडळींनीं त्याचा अर्थ असा केला कीं, ही सारी तूपदुधाची करणी. आणि धाकटी सून सध्यां पांच महिन्यांची गरोदर असल्यामुळें तिच्या पानांतील तूप व रात्रीचें दूध प्रथम बंद झालें! आमच्या भगिनी विचारतात कीं, "वाडींत कामास येणाऱ्या वारली बायका सासूबाईंच्याच वयाच्या आहेत, त्यांच्या पोटांत तूप कधीं गेलें नाहीं, तरी त्या डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चालतात. तेव्हां थोरल्यांचें म्हणणें खरें समजावें काय?"

पत्रांतील निकडीचा भाग आधीं हातावेगळा करतों. सुनेचें दूध आजच्या आज पुन्हां सुरू करावें. कारण काय, तें आतां सावकाश पाहूं.

हाड म्हणजे भिंतींतील दगड नव्हे. तें जन्मभर मोडत व घडत असतें. त्याच्या पोटांत जी मज्जा असते ती तान्ह्या मुलांत जवळजवळ सर्वत्र तांबडी असते, कारण तेथें रक्त तयार होत असतें. वय वाढूं लागलें म्हणजे हातापायांच्या लांब हाडांपासून आरंभ होऊन ती पिवळी होत जाते, आणि हा पिवळेपणा मेदाचा. म्हणजे मज्जेंत थोडाबहुत मेद असणें हा कांहीं रोग नव्हे. परंतु उतारवयांत, विशेषतः स्त्रियांचा ऋतु थांबल्यानंतर, मणक्यांत व खुब्यांत हा मेद वाढतो, आणि नेमकी त्याच वेळीं हाडाची आंतली जाळी विरळ होते. ही जोडी योगायोगाची नाहीं. मज्जेंत एका जातीच्या मूलपेशी असतात, त्यांना पुढें दोन मुख्य वाटा फुटतात. त्यांतली एखादी हाड घडविणारी पेशी होते, एखादी मेद सांठविणारी होते. एक वाट धरली कीं दुसरी बहुधा कायमची सुटली. तेव्हां सासूबाईंच्या खुब्यांत जो मेद दिसला तो पानांतल्या वरणभातावरून झिरपत तेथें गेलेला नाहीं. तो तेथेंच जन्मला, आणि ज्या पेशी त्याच्या बाजूला गेल्या त्या हाडाच्या कामाला मुकल्या.

सात धातूंचा क्रम आमच्या बहुतेक वाचकांस पाठ असेल. रस, रक्त, मांस, आणि मग मेद, त्याच्या पाठोपाठ अस्थि, त्यानंतर मज्जा. मेदापासून अस्थि उत्पन्न होते असें पूर्वाचार्य मानीत. हें वाचून कोणी उत्साही गृहस्थ म्हणतील कीं, पाहा, आमच्या वैद्यांस हें सारें आधींच ठाऊक होतें. तसें म्हणण्याचा मोह आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्यांच्या मतें मेद पिकून हाड होतें; आजच्या मतें मेद व हाड हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत, एक दुसऱ्यापासून होत नाहीं. दोघांना त्यांनीं शेजारीं शेजारीं बसविलें, एवढें निरीक्षण मात्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां ही मूलपेशी कोणती वाट धरील याचा निवाडा कोण करतो? पेशीच्या आंत दोन कारभारी आहेत असें समजावें. एकाचें नांव रंक्स-२. हा हाडाच्या बाजूचा. सन १९९७ मध्यें असें दिसून आलें कीं, ज्या उंदराच्या पिलांत रंक्स-२ मुळींच नसतो त्यांचा सांगाडा कूर्चेचाच राहतो, त्याचें हाड बनत नाहीं, आणि तीं पिलें जन्मतांच मरतात. दुसऱ्याचें नांव पीपीएआर-गामा. हा मेदाच्या बाजूचा. एकाचा हात वर झाला कीं दुसऱ्याचा खालीं येतो. इतपत गोष्ट बरीच वर्षें माहीत होती. या कारभाऱ्यांच्याही मागें उभी राहून दोरी ओढणारी, आकारानें चिमुकली अशी एक मंडळी आहे, तिची ओळख अलीकडची आहे. हें पत्र आम्हीं सदरासाठीं निवडलें तें त्या मंडळीची ओळख करून देण्याची संधि मिळाली म्हणून.

मनुष्याच्या पेशींत डीएनएची जी पोथी असते तींत सुमारें तीनशें कोटी अक्षरें आहेत. पोथी देव्हाऱ्यांतून बाहेर निघत नाहीं. तींतील हवा तेवढा उतारा एका चिठ्ठीवर उतरून घेतात, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. ही चिठ्ठी स्वयंपाकघरांत जाते आणि आचारी तिच्याप्रमाणें प्रथिन रांधतो. आतां गंमत अशी कीं, प्रथिनांच्या पाककृति या पोथीच्या शंभर पानांपैकीं फार तर दोन पानांत मावतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णव पानांस शास्त्रज्ञ कित्येक वर्षें अडगळ म्हणत. पण त्या पानांवरूनही चिठ्ठ्या लिहिल्या जातात! त्या आचाऱ्याकडे जात नाहींत, त्यांपासून कोणतेंही प्रथिन रांधलें जात नाहीं. त्यांना असंकेती आरएनए म्हणावें. त्यांतील कांहीं अवघ्या बाविसेक अक्षरांच्या असतात. त्यांचें नांव मायक्रो आरएनए. अशी चिठ्ठी दुसऱ्या एखाद्या मोठ्या चिठ्ठीवरील जुळत्या अक्षरांस जाऊन चिकटते, आणि मग ती मोठी चिठ्ठी आचाऱ्यानें वाचावयाची राहून जाते किंवा फाडली जाते. मोठ्या घरांत सुनेनें पुरणपोळीचा बेत लिहून आंत पाठवावा, आणि माजघरांत बसलेल्या आत्याबाईंनीं "आज एकादशी आहे" एवढेंच म्हणावें, तसा हा प्रकार. आत्याबाई स्वतः कांहीं रांधीत नाहींत; पण घरांत काय शिजेल आणि काय शिजणार नाहीं यांत त्यांचा वांटा आचाऱ्याहून कमी नसतो.

अशी पहिली चिठ्ठी १९९३ मध्यें व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांस एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीमध्यें सांपडली. कृमीची गोष्ट म्हणून सात वर्षें तिच्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. सन २००० मध्यें तशाच जातीची दुसरी चिठ्ठी माणसासह कितीतरी प्राण्यांत आहे असें आढळलें तेव्हां सर्वांचे डोळे उघडले. आणि २०२४ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें.

हाडामेदाच्या भांडणांत या आत्याबाई काय करतात तें पाहा. मायक्रो आरएनए २०४ ही रंक्स-२ च्या चिठ्ठीस जाऊन चिकटते आणि पेशीला मेदाकडे झुकविते, असें २०१० मध्यें दाखविण्यांत आलें. त्याहून बोलका दाखला क्रमांक १८८ चा आहे. चीनमधील चांगशा येथील संशोधकांनीं २०१५ मध्यें प्रसिद्ध केलें कीं, मज्जेंतील मूलपेशींत ही चिठ्ठी उंदरांत व माणसांत वयाबरोबर वाढत जाते. ज्या उंदरांतून ती काढून टाकली त्यांचें हाड म्हातारपणीं कमी झिजलें व मज्जेंत मेदही कमी सांचला. ज्यांत ती वाढविली त्यांत उलट झालें. म्हणजे म्हातारपण नुसतें येत नाहीं, तें आंत चिठ्ठ्याही लिहून ठेवतें. क्रमांक २१४ ही तिसरी. हाड मोडलेल्या वृद्धांच्या हाडांत ती अधिक असते आणि जेथें ती अधिक तेथें नवें हाड घडण्याचें काम मंद, असें २०१३ मध्यें आढळलें. सगळ्याच कांहीं हाडाच्या वैरिणी नाहींत. एच-१९ नांवाचें एक लांबलचक असंकेती आरएनए आहे, तें हाडाच्या आड येणाऱ्या कांहीं छोट्या चिठ्ठ्या टीपकागदासारखें स्वतःच टिपून घेतें व वाट मोकळी करतें.

आतां वाडींतील बायकांकडे येऊं. हाडावर भार पडला म्हणजे मूलपेशी हाडाची वाट धरतात, आणि भार गेला म्हणजे मेदाची. उंदरांचे मागचे पाय जमिनीला टेकूं न देतां त्यांस कांहीं काळ ठेवलें तर हाड झपाट्यानें उतरतें. या प्रयोगांत रंक्स-२ ला दाबणारी १०३-अ या क्रमांकाची चिठ्ठी वाढलेली दिसते, हें २०१५ चें काम आहे. तेव्हां मोळी वाहणारीचें हाड बसून राहणारीच्या हाडाहून बळकट असण्यास आधार आहे, यांत शंका नाहीं. उन्हांत राबल्यानें ड जीवनसत्त्व मिळतें तेंही हाडाला उपकारक. परंतु आमच्या भगिनींस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. वाडींत कामास येते ती धडधाकटच असणार. जिची कंबर मोडली, जी अंथरुणास खिळली, ती पाड्यावरील कुडाच्या घरांत आहे, ती तुम्हांस दिसत नाहीं. तेव्हां चारपांच बायका पाहून तूप न खाल्ल्यानें हाड टिकतें असा निष्कर्ष काढणें हें हिशेबांत बसणारें नाहीं.

आणि याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, कृश अंग म्हणजे मज्जेंत मेद नाहीं असें मुळींच नव्हे. दीर्घकाळ पोट मारून अतिशय कृश झालेल्या तरुण स्त्रियांची परीक्षा करतां असें आढळलें आहे कीं, त्यांच्या पोटावरचा, दंडावरचा मेद नाहींसा झाला असतांही मज्जेंतला मेद उलट वाढलेला असतो, आणि हाड विरळ झालेलें असतें. उपासमार ही मूलपेशीला हाडाकडे नेत नाहीं, मेदाकडेच ढकलते. म्हणून घोलवडच्या घरांतील स्थूल सासूबाई आणि तलासरीच्या एखाद्या पाड्यावरील वाळलेली म्हातारी, या दोघींच्या खुब्यांचें चित्र सारखेंच निघूं शकेल. अंगावरून हाडाची पारख होत नाहीं.

बाहेरून एक व आंतून दुसरें, हा आपल्याकडील जुना अनुभव पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मोजून दाखविला आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनीं गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी चालविली. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदम्प्टनच्या बालकाचें ३.५ किलो. मांस व स्नायु कमी, पोट लहान. पण कातडीखालचा मेद मात्र त्या मानानें राखलेला. बारीक दिसणारें पण मेद बाळगून असलेलें हें मूल २००३ पासून जगभर चर्चेंत आहे. त्याच मुलांचीं हाडें सहाव्या वर्षीं तपासलीं, त्याचा वृत्तांत २००६ मध्यें प्रसिद्ध झाला: ज्यांच्या आयांनीं गरोदरपणीं दूध, कडधान्यें, पालेभाज्या, फळें असे कॅल्शियम देणारे पदार्थ वारंवार खाल्ले होते त्यांचीं हाडें अधिक भरींव निघालीं. मुलाच्या हाडाचा पाया कोठें घातला जातो याविषयीं याहून स्पष्ट पुरावा आम्हांस तरी नको आहे. पांचव्या महिन्यांत सुनेचें दूध बंद करणें म्हणजे सासूच्या हाडाचा दंड नातवाकडून वसूल करणें होय.

आपल्या शाकाहारी घरांस येथें आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत नाहीं. शाकाहाऱ्यास तें दूध, दहीं, ताक यांतूनच काय तें मिळतें. पुण्याच्या पाहणींतील बहुसंख्य आयांच्या रक्तांत तें कमी होतें. इंग्लंडांतील वॉरिक येथील संशोधकांनीं २०१७ मध्यें दाखविलें कीं, गरोदर स्त्रियांत ब-१२ कमी असलें म्हणजे मेदपेशींतून रक्तांत येणाऱ्या ज्या मायक्रो आरएनए चिठ्ठ्या पीपीएआर-गामाशीं संबंध ठेवतात, त्यांचें प्रमाण पालटतें. म्हणजे पानांत काय वाढलें याची वार्ता त्या चिमुकल्या चिठ्ठ्यांपर्यंत पोंचते. आमच्या भगिनींच्या घरीं गरोदर सुनेच्या रक्तांतील हें जीवनसत्त्व तपासून घ्यावें आणि डॉक्टर देतील तर त्याच्या गोळ्या बिनदिक्कत घ्याव्या. आमच्या पणज्या कोठें गोळ्या घेत होत्या, हा प्रश्न जेथें तेथें विचारला जातो. पणज्यांपैकीं किती जणी वांकून चालत, हेंही मग त्याच बैठकींत आठवून पाहावें.

राहिलें तूप. दुधांतील कॅल्शियम लोणी काढतां ताकांत राहतें. तुपांत तें जवळजवळ नसतें. म्हणून चमचाभर तुपानें हाडाचें वाईटही होत नाहीं व बरेंही होत नाहीं. घरांत ताक मोलकरणीला देऊन टाकावयाचें आणि तूप घरच्यांनीं खावयाचें, ही चाल ज्या घरीं असेल तेथें हाडाच्या दृष्टीनें मोलकरणीचीच चंगळ आहे. बाळंतिणीच्या आळिवाच्या लाडवांवर मात्र आमचा आक्षेप नाहीं. आळिवांत लोह व कॅल्शियम दोन्ही आहेत.

सासूबाईंसाठीं आज जो उपाय आहे तो साधा आहे. हाडाची घनता मोजणारी डेक्सा नांवाची तपासणी करून घ्यावी, कारण एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा खुबा मोडण्याची भीति मोठी असते. हाड राखणारीं औषधें आज उपलब्ध आहेत, तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें सुरू करावीं. आणि काठी घेऊन कां होईना, रोज चालावें. मायक्रो आरएनए मोजून हाडाचें भविष्य सांगणारी तपासणी रोजच्या वैद्यकांत अद्यापि रुळलेली नाहीं, आणि तीं चिठ्ठी रोखून हाड वाढविणारें औषध अजून उंदरांच्या पुढें फारसें गेलेलें नाहीं. कठीण आहे तें हें कीं, एकच चिठ्ठी हाडांत, हृदयांत, यकृतांत निरनिराळीं कामें करते. ती हाडापुरती रोखावयाची तर औषध हाडापर्यंतच पोंचलें पाहिजे. आरएनएच्या द्वारें चिठ्ठ्या रोखणारें पहिलें औषध २०१८ मध्यें बाजारांत आलें तें यकृतावर चालणारें, कारण यकृत हें औषध आपण होऊन ओढून घेतें. हाड तितकें सोयीचें नाहीं. तोंवर आरएनएच्या नांवानें हाडाचें चूर्ण विकणारा कोणी दारीं आल्यास त्यास वाटेस लावावें.

पत्र डहाणूचें आहे म्हणून तेथील अन्नाविषयीं दोन शब्द. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींत वारली शेतकरी जी नागली पिकवितो तिच्या शंभर ग्रॅमांत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. सडलेल्या पांढऱ्या तांदळांत तें दहाच्या घरांत. मोठ्या माणसास दिवसाकांठीं १००० मिलिग्रॅम हवें असतें, तेव्हां एका नागलीच्या भाकरीनें केवढें अंतर तोडलें जातें याचा हिशेब घरच्या मुलांनींही करावा. मुंबईहून बोर्डी-घोलवडला हवा खाण्यास येणारी मंडळी चिकूच्या पेट्या बांधून नेतात, नागली मात्र कोणी मागत नाहीं. पाड्यावर सुकी मासळी कांट्यासकट खातात, तीही हाडाला पूरक. अडचण ही कीं, दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात, आणि मग नागली व रानभाजी दोन्ही मागें राहतात. तलासरी तालुक्यांत सुमारें दहांपैकीं नऊ माणसें आदिवासी आहेत. तेथें गरोदर बाईचें एक पूर्ण जेवण ही हाडाचीही गोष्ट आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस व पुढें कोसबाडला बालवाडी पाड्यावर नेली. त्याच अंगणवाडीच्या वाटेनें आज अमृत आहार योजनेखालीं गरोदर व स्तनदा मातांस गरम जेवण मिळतें. ही योजना २०१५ ची. वाडीच्या मालकिणीनें आपल्याकडील गरोदर मजुरणीस त्या वेळेपुरती सुटी दिली तर तें जेवण तिच्या मुखीं पडेल.

मज्जेंत तिसराही एक भाडेकरी आहे, त्याचा उल्लेख राहिला: रक्त. डहाणू-तलासरीकडील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आनुवंशिक रोग आढळतो. त्यांत तांबड्या पेशी लवकर मोडतात, मज्जा रक्त करण्यासाठीं फुगते, हाड आंतून पोखरलें जातें, आणि रक्तपुरवठा तुटून तरुणपणींच खुब्याचा गोळा निकामी होतो. वाडींतला एखादा विशीचा गडी खुबा दुखतो म्हणून लंगडूं लागला तर तो कामचुकार ठरविण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून घ्यावें. डहाणू येथें परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचें ग्रामीण संशोधन केंद्र आहे व सिकलसेलवर तेथें काम झालें आहे. याच परळच्या संस्थेंत ऋतु थांबलेल्या भारतीय स्त्रियांचीं हाडें आणि ड जीवनसत्त्वाशीं निगडित जनुक यांचा संबंध २००६ मध्यें अभ्यासला गेला होता.

आमच्या भगिनींनीं पत्राच्या शेवटीं चिकू हाडाला चांगला कां, असेंही विचारलें आहे. चिकू गोड आहे, पोट साफ ठेवतो; हाडाच्या कामीं त्याचा विशेष उपयोग नाहीं, आणि मधुमेह असेल त्यानें तो मोजून खावा.